जंतू एक, परिणाम दोन

दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळाच्या आवारातील विकृतिशास्त्र संस्थेत ज्या जंतूवर दीर्घकाळ संशोधन झाले, तो उत्तर हिंदुस्थानाला पूर्वी निराळ्याच कारणाने ठाऊक होता. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हे त्याचे नाव. त्याच्या काही उपप्रकारांनी डोळ्यांत खुपऱ्या होत आणि पुष्कळांची दृष्टी जाई. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. परंतु या जंतूचे जे भाऊबंद शरीरसंबंधातून पसरतात, ते अद्याप ठाण मांडून आहेत.

त्यांचे कपट असे की, संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कसलाच त्रास जाणवत नाही. पुढे मूल होत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा कधी कधी बीजवाहिन्या व्रणांनी बुजलेल्या आढळतात. तोवर सासरी निकाल लागून गेलेला असतो. जंतू पतीकडून आलेला असला, तरी आरोपी ठरते ती पत्नीच.

वस्तुतः संसर्ग झालेल्या प्रत्येकीची अशी गत होत नाही. कित्येकींचा देह काही महिन्यांत जंतूला आपोआप हुसकावून लावतो. या फरकाला कारणे अनेक आहेत; त्यांपैकी एक जन्मजात वारशात दडलेले आहे. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके पेशींना जणू तबके घडवून देतात. चोराचा मुद्देमाल चावडीवर मांडावा, तसे जंतूचे तुकडे या तबकांत ठेवून पेशी ते रक्षकपेशींना दाखवते. तबकांचा घाट माणसागणिक निराळा, म्हणून कुणाच्या देहात चोर चटकन ओळखू येतो, कुणाच्या देहात तो निसटतो. नैरोबीतील वेश्याव्यवसायात असलेल्या स्त्रियांवरील, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचएलए-ए३१ हा प्रकार आणि या जंतूमुळे होणारा ओटीपोटाचा दाह यांचा संबंध आढळला.

मात्र प्रतिकार जितका जोरदार तितका बरा, असेही नाही. बीजवाहिनीची नासधूस बऱ्याच अंशी रक्षकांच्याच लाठीमाराने होते. जंतूच्या एका प्रथिनाचे मानवी प्रथिनाशी साम्य आहे. त्याविरुद्ध देहाने उभारलेली प्रतिक्रिया आणि वंध्यत्व यांचा संबंध दिल्लीतील संशोधकांनीही तपासला. दाह भडकवणारी आणि तो शमवणारी जनुके सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. परम्याची गोष्ट थोडी वेगळी: रक्तातील कॉम्प्लिमेंट नामक प्रथिनमालिकेच्या शेवटच्या कड्यांपैकी एखादी जन्मतःच उणी असेल, तर तो जंतू रक्तात शिरून सांध्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो.

एवढ्यावरून कुणी सुनेची जनुके तपासावयास निघू नये! एखादीच्या बीजवाहिन्या बुजतील की नाही, हे सांगणारी जनुकीय चाचणी आज व्यवहारात नाही. जंतूची चाचणी मात्र आहे, आणि डॉक्सिसायक्लिन सात दिवस नियमाने घेतल्यास तो बहुधा नाहीसा होतो. गर्भवतीला निराळे औषध देतात. एकट्या पत्नीने उपचार घेतले आणि पतीने टाळले, तर तोच जंतू पुन्हा घरात येतो. औषधाने जंतू जातो. पूर्वी पडलेले व्रण जात नाहीत.