समुद्रकाठी वाचनाची जागा हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी हातखंबा येथे केलेले भाषण)



आज मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावे असा आपण आग्रह केलात. मी काही शिकलेली बाई नव्हे. सातवी झाले आणि शाळा सुटली. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून होणार नाही. घर सांभाळताना जे पाहिले व मनात राहिले तेवढेच सांगते. काही चुकले तर पदरात घ्यावे.

आपण तिठ्यावरची माणसे. एक रस्ता मुंबईस जातो, एक गोव्याकडे आणि एक रत्नागिरीस. दिवसरात्र गाड्या धावतात. सारे जग आपल्या दारावरून जाते, पण आपण मात्र दारातच उभ्या! रत्नागिरीस जायचे ते दवाखान्यासाठी, कचेरीच्या कामासाठी, नाही तर लग्नाच्या बाजारासाठी. फार झाले तर मुलांच्या हट्टापायी मांडवीच्या किनाऱ्यावर जातो. सूर्य बुडताना पाहतो, भेळ खातो आणि एस. टी. चुकेल म्हणून धावत सुटतो. किनाऱ्यावर निवांत बसून काही वाचावे, चांगले काही ऐकावे, असे आपल्या कधी मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते कसे आले ते सांगते.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त पणजीस असतात. मागे त्यांच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथील नदीचे नावही मांडवीच. एके सकाळी भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाचायची आवड. येथले ग्रंथालय पाहून या." पाटो भागात, मांडवी नदी आणि ओरेंची खाडी यांच्याजवळ, कृष्णदास शामा यांच्या नावाचे मोठे सरकारी ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली झाली. तेथे मुलांसाठी निराळा विभाग आहे. पुढे नदीकाठानेच कांपालला गेले की कला अकादमी लागते. चार्ल्स कोरिया या नामांकित वास्तुकारांनी तिची इमारत योजली. नाटक, संगीत यांसाठी लोक तेथे नदीच्या वाऱ्यावर जमतात.

आता एक कबुली देते. ग्रंथालयाच्या दारात माझे पाय अडले. आपण सातवी शिकलेल्या, आपल्याला कोणी विचारले तर काय सांगावे? तेवढ्यात एका बाईने हसून विचारले, "काय हवंय आपल्याला?" आणि मी चक्क खोटे बोलले. म्हटले, "मुलीला सोडायला आले." मुलगी तर इकडे घरी होती! ती बाई म्हणाली, "मग तोवर आत येऊन बसा की." मी आत गेले, एक मासिक घेतले आणि दोन तास कुठे गेले ते कळले नाही. कोणी हटकले नाही की पैसे मागितले नाहीत. घरी परत येताना मला माझ्या खोट्याची लाज वाटली, आणि त्याहून अधिक वाईट वाटले ते याचे, की या वयापर्यंत मी अशा दाराबाहेरच राहिले.

भगिनींनो, आपल्याकडे काही नाही असे समजू नका. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. म्हणजे पणजीच्या ग्रंथालयाहून ते चार वर्षांनी वडील. २०२८ साली त्याला दोनशे वर्षे पुरी होतील. माझ्या माहेरच्या बाजूला मालगुंडास, समुद्राजवळच, केशवसुतांचे स्मारक आहे. मराठी कवितेला नवी वाट दाखविणारे हे कवी १८६६ साली मालगुंडास जन्मले. १९९४ साली ते स्मारक झाले तेव्हा माझी शाळा नुकतीच सुटली होती. गर्दीच्या मागे उभी राहून मी तो सोहळा पाहिला आणि मला वाटले, कवीचेसुद्धा असे कौतुक होते तर! आज तेथे लोक मुद्दाम जातात. गाव लहान असले तरी चालते, जागेत जीव हवा.

आणि जागा मोठीच हवी असेही नाही. नाशकास गोदावरीच्या घाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. वर आभाळ, शेजारी नदी आणि समोर श्रोते. ऐकायला माणसे आली की घाटाचीच शाळा होते.

म्हणून माझी सूचना अशी. हल्ली जिकडे तिकडे किनारे सुशोभित करण्याची बोलणी चालतात. दिवे लागतात, रंगीत फरशा बसतात, फोटो काढण्याच्या जागा होतात. ते सारे असू द्या. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक वाचनाची खोली आणि तिच्यापुढे शंभर माणसे बसतील असा ओटा का असू नये? सकाळी मुलांनी वाचावे, दुपारी बायकांनी, संध्याकाळी भजन, कीर्तन, व्याख्यान, नमन-खेळे व्हावेत. आत बायकांसाठी स्वच्छ मोरी हवी आणि शेवटच्या एस. टी. आधी कार्यक्रम संपावा. या दोन गोष्टी नसतील तर आपण तेथे जाऊ शकणार नाही, मग इमारत कितीही सुंदर असो.

हे घरी बोलले तेव्हा "ह्यां"नी दोन शंका काढल्या. पहिली अशी, की समुद्राला लागून बांधू कोण देईल? शंका खरी आहे. भरतीच्या रेषेजवळ नवे बांधकाम करण्यावर १९९१ पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. म्हणून नवे काही न बांधता एखादी जुनी, पडून असलेली इमारत दुरुस्त करून घ्यावी. दुसरी शंका, खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात पुस्तके टिकतील कशी? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेटीतल्या पैठणीला बुरशी येते, तेथे कागदाचे काय? त्यावर मला बडोद्याची गोष्ट आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे जाणते ग्रंथपाल बोलावले आणि पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत फिरती ठेवली. तसेच येथे करावे. पुस्तके मुख्य वाचनालयात राहावीत, पेटीभर किनाऱ्यावर यावीत आणि महिन्याने बदलावीत. मग एकही पुस्तक खाऱ्या हवेत फार दिवस राहणार नाही. पेटीत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालणे आपण कोणाकडून शिकायला नको!

आणखी एक सांगणे आहे. किनारा शोभिवंत करताना तेथे जाळी विणणाऱ्या, मासळी सुकविणाऱ्या बायकांना हटवू नये. किनारा आधी त्यांचा आहे. वाचनाच्या खोलीत पहिली चटई त्यांच्यासाठी घालावी.

पण हे शहराचे काम झाले. आपण नुसते अर्ज लिहून बसायचे का? १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदानाची सोय झाली, पण त्यालाही आधी वाचणारी माणसे लागतात. म्हणून आजच्या दिवशी मी तीन गोष्टी मागते. मंडळाच्या खोलीतले एक कपाट पुस्तकांसाठी रिकामे करू या. प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये द्यावेत, त्यातून रत्नागिरीच्या वाचनालयाची वर्गणी भरू या. आणि दर महिन्याला आपल्यातल्या दोघींनी एस. टी.ने जाऊन पुस्तके बदलून आणावीत. दोघीच, पण दर वेळी निराळ्या. म्हणजे वर्षभरात चोवीस जणींचे पाय त्या दाराला लागतील.

माझ्या सासूबाई म्हणतात, "वाचून पोट भरतं होय?" त्यांचे खरे आहे, भरत नाही. पण गेल्या मे महिन्यात आम्ही फणसाची साठे घालत होतो आणि मी मोठ्याने एक कादंबरी वाचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मला हाक मारून म्हणाल्या, "अगो, त्या पोरीचं पुढे काय झालं? वाच ना." त्यांना अक्षरओळख नाही. इतकी वर्षे त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते, एवढेच.

दोनशे वर्षांचा सोहळा २०२८ साली होईल तेव्हा मी काही व्यासपीठावर नसणार. पण त्या दारातून आत जाताना कोणी विचारले, "काय हवंय?" तर मला खरे सांगायचे आहे, "मी वाचायला आले." हे सांगणाऱ्या आपण पुष्कळ जणी असू, तर किनाऱ्यावर खोली मागण्याचा हक्क आपल्याला आपोआप येईल.

 वर्गणीची वही हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवली आहे. जाताना नाव घालायला विसरू नका.