डिस्चार्ज कार्डावर चालणंही लिहू या





धाप लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळे एकच सांगतात, बसून राहा, दमू नका. घरचे मायेपोटी सांगतात, ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही सांगून जातात. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला हा सल्ला फार महागात पडतो. दम लागतो म्हणून आजोबा चालत नाहीत, चालत नाहीत म्हणून मांड्या झडतात. दुबळ्या स्नायूत थोड्याशा कामानेही लॅक्टिक आम्ल साठतं, श्वास वाढतो, आणि अरुंद नळ्यांतून आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. छाती फुगलेलीच राहते. मग अंगणही लांब वाटू लागतं.

व्यायामाने फुफ्फुस दुरुस्त होत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावं. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचे आकडे जवळजवळ तेच राहतात. बदलतात ते पाय आणि गेलेला धीर. 2015 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 65 चाचण्यांतल्या 3,822 रुग्णांचा आढावा घेतला. व्यायामावर आधारलेलं पुनर्वसन घेतलेले रुग्ण ते न घेतलेल्यांपेक्षा सहा मिनिटांत सरासरी 44 मीटर जास्त चालले. ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना थांबावं लागतं, त्याला विचारा 44 मीटर म्हणजे काय.

तरीही हे उपचार पोचत नाहीत, आणि दोष पैशांचाच नाही. अमेरिकेत सीओपीडीमुळे 2014 साली इस्पितळात राहून आलेल्या 1,97,376 वृद्धांपैकी 90 दिवसांत पुनर्वसन सुरू केलं ते अवघ्या दीड टक्क्याने. वर्षभरात ते सुरू केलेल्यांतले 7.3 टक्के दगावले, बाकीच्यांतले 19.6. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, मुळात धडधाकट होते तेच आले असतील हेही खरं. पण इतकं अंतर दिसल्यावर स्वस्थ बसवत नाही.

आणि आपण भोपाळात बोलतो आहोत. 1984 च्या डिसेंबरमधल्या गॅसगळतीच्या त्या रात्री जे विशी-पंचविशीत होते, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. गॅस जितका जास्त लागला, तितका लहान श्वासनळ्यांतला अडथळा जास्त, असं दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही आढळलं होतं. या माणसांना पंप मिळाले, गोळ्या मिळाल्या. चालायला शिकवणारं कुणी किती जणांना भेटलं?

चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या आजींचं तर वेगळंच. बिडीला कधी हात लावला नाही, म्हणून त्यांची धाप वयावर ढकलली जाते. पुरुषांसमोर हात वर करून व्यायाम करायला त्या लाजतात. त्यांची वेळ आणि खोली वेगळी ठेवावी. ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवा, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावा, पाण्याच्या बाटल्या उचलायला द्या. ऑक्सिमीटर, मोजलेली मोकळी जागा, एक पायरी आणि शेजारी उभा राहणारा जाणता माणूस एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे. दम लागला पाहिजे, मात्र वाक्य पुरं करता येईल इतकाच. छातीत दुखलं किंवा ऑक्सिजन फार खाली गेला तर तिथेच थांबवायचं.

आज दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. सीओपीडीच्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधांखालीच व्यायामाच्या पहिल्या दिवसाची तारीख, जागा आणि फिजिओथेरपिस्टचं नाव लिहावं. तारीख चार आठवड्यांच्या आतली असावी. सूचक मी आहे, अनुमोदक तुमच्यातून हवा.