पडवीतलं लेथ मशीन : घेण्याआधी आणि घेतल्यावर

आज आम्ही बोलणार आहोत लाकूड कातायच्या लेथ मशीनबद्दल.

आमचा गट सावंतवाडीजवळच्या खेड्यातला. सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी आणि पांगाऱ्याच्या लाकडाच्या रंगीत फळांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या गटातल्या बाया आधी नुसतं रंगकाम करायच्या. कातलेला माल दुसऱ्याकडून यायचा. तो येईल तेव्हा काम आणि तो देईल ती मजुरी. लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे लोलक हा सगळा कातीव माल. कातायचं काम आपल्याच पडवीत झालं, तर दर ठरवायला आपण मोकळ्या. एवढ्याच हिशेबाने आम्ही मशीन घ्यायचं ठरवलं.

पण दुकानात जाण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. आपण काय बनवणार? मशीन त्यावर ठरतं. लाटणं बारा-चौदा इंचाचं असतं. दोन्ही टोकांना थोडं लाकूड वाया जातं. म्हणून मशीनच्या दोन टोकांमध्ये निदान अठरा इंच जागा हवी. पोळपाट नऊ इंचाचा करायचा, तर मशीनचा मधला बिंदू खालच्या पट्टीपासून साडेपाच इंच तरी उंच हवा, नाहीतर लाकूड फिरणारच नाही. फक्त भोवरे आणि लोलक करायचे असतील, तर लहान मशीन पुरतं.

दुकानात मशीन कसं तपासायचं? त्याला दोन टोकं असतात. एक फिरतं, एक लाकडाला आधार देतं. आधाराचं टोक सरकवत फिरत्या टोकापाशी आणा. दोन्ही अण्या बरोबर समोरासमोर आल्या पाहिजेत. खालीवर झाल्या तर माल वाकडा निघतो. मग फिरता दांडा हाताने हलवून बघा. खडखड वाजला तर बेअरिंग सैल आहे. शेवटी मशीन रिकामं चालवायला सांगा आणि वर हात ठेवा. फार थरथरलं तर घेऊ नका. लेथला वजन हवं. बिडाचं जड मशीन पत्र्याच्या हलक्या मशीनपेक्षा शांत चालतं.

आता फेऱ्यांची गोष्ट. साधी मोटार मिनिटाला साधारण 1440 फेरे फिरते. मोटारीवर तीन इंची आणि मशीनवर सहा इंची पुली असेल, तर फेरे निम्मे होतात, म्हणजे 720. कातणारे एक ढोबळ नियम पाळतात. लाकडाची रुंदी इंचात घ्यायची आणि तिला फेऱ्यांनी गुणायचं. उत्तर 9000 च्या वर जाऊ द्यायचं नाही. दोन इंची लाटणं 1440 फेऱ्यांवर फिरलं तर उत्तर 2880 येतं. ते चालतं. नऊ इंची पोळपाट त्याच वेगात फिरवला तर 12,960. हा धोका आहे, लाकूड सुटून अंगावर येऊ शकतं. 720 फेऱ्यांवर उत्तर 6480 येतं, ते ठीक. ओबडधोबड लाकूड तर त्याहूनही हळू सुरू करावं. म्हणून दोन-तीन वेगांच्या पुल्या असलेलं मशीनच मागा.

मशीनसोबत हत्यारांचेही पैसे धरून ठेवा. गोल पटाशी, तिरपी पटाशी, तुकडा वेगळा करायचं हत्यार आणि धार लावायला ग्राइंडर. बोथट पटाशी लाकडात अडकते आणि हाताला झटका देते.

मशीन मांडताना पडवीची जमीन सपाट हवी आणि जागा चुलीपासून लांब. भुसा लगेच पेटतो. उंचीचंही बघा. बाजारातले स्टँड बहुतेक पुरुषांच्या उंचीचे असतात. सरळ उभ्या राहा, हात कोपरात दुमडा. मशीनचा मधला बिंदू कोपराच्या उंचीला यायला हवा. उंच असलं तर खांदे भरून येतात, बुटकं असलं तर कंबर धरते. गटात कुणी उंच, कुणी ठेंगणी असणार. मशीन उंच बाईच्या मापाने बसवा आणि ठेंगणीसाठी पायाखाली रुंद, न हलणारी फळी ठेवा. स्टँड जमिनीला बोल्टने घट्ट करा.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी बसवा. एक हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे 746 वॅट. ती भाराने चार तास चालली की तीन-साडेतीन युनिट जातात. आपल्या वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो पुरेल का आणि घरच्या जोडणीवर हे काम चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. बंद करायचं बटण अशा जागी हवं, की फिरत्या लाकडावरून हात न नेता दाबता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बायांनो, फिरत्या मशीनला पदर कळत नाही. पदर, ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र, मोकळी वेणी, यातलं काहीही त्यात गुंतलं तर क्षणात आत ओढलं जातं. आमच्याकडे नियम आहे. मशीनवर उभं राहायचं तर सलवार-कुर्ता, वर घट्ट बाह्यांचा डगला, अंबाडा बांधून त्यावर रुमाल. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून डब्यात. सासूबाई काही बोलल्या तर त्यांना एकदा मशीन चालू करून दाखवा. हातमोजे घालू नका, तेही ओढले जातात. तोंडावर पारदर्शक ढाल हवी. बारीक भुसा फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क बांधा आणि मुलांना पडवीत येऊ देऊ नका. लाकूड बसवलं की आधी हाताने एक फेरा फिरवून बघा, बाजूला उभं राहा, मगच बटण दाबा. हत्याराची टेकू-पट्टी मशीन थांबल्यावरच सरकवायची.

लाकूड वाळलेलंच घ्या. ओल्या लाकडाचं लाटणं आठ दिवसांत वाकतं किंवा चिरतं. जुना अंदाज असा, की एक इंच जाडीला सावलीत एक वर्ष. कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावला तर चिरा कमी पडतात. लाटण्याला बाभूळ, शिसव चांगलं, खेळण्यांना पांगारा, काळा कुडा. आंबा, साग अशी झाडं तोडायला 1964 च्या कायद्याने परवानगी लागते, म्हणून लाकूड पावतीनेच घ्या. पोळपाट-लाटण्याला खायचं जवसाचं तेल चोळा. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल स्वयंपाकाच्या वस्तूला नको.

खेळण्यांबद्दल एक सूचना. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा खेळणी करायची तर आधी कारागीर म्हणून नोंदणी करा. तोवर लाटणी आणि रव्या करा.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा मशीन, मोटार आणि हत्यारं मिळून 36,000 रुपये पडले. एका लाटण्यामागे लाकूड, वीज आणि करणारीची मजुरी वजा जाता 30 रुपये उरले. मग 1200 लाटणी विकल्यावर मशीन फिटतं. दिवसाला दहा विकली जाणार असतील तर 120 दिवस. दोनच विकली जाणार असतील तर 600 दिवस. आपल्या बाजारात किती खपतील, हे कर्ज घेण्याआधी विचारून या. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे, दोन्ही बसतात. हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. पण एका कुटुंबातून एकालाच. म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे घरात आधी बोला. काम बाई करणार असेल, तर नावही तिचंच हवं.

मशीनची पावती मात्र गटाच्या नावाने घ्या आणि गटाच्या वहीला जोडून ठेवा. पाळी कुणाची, वीजबिल कोण भरणार, बिघाड झाला तर पैसे कशातून, हे बैठकीत ठरवून सह्या करा. कातायला शिकायचं तर आधी जुन्या कातारीकाकांकडे चार दिवस नुसतं बघायला जा. ते हात कसा टेकवतात, ते बघूनच जास्त कळतं.

पुढच्या बैठकीत ही सगळी यादी वाचून दाखवा. जिला मशीनची भीती वाटते तिलाही बोलू द्या, तिचे प्रश्न कामाचे असतात.