उलटं बुजगावणं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून विचारलं, "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलशील का?" माझं काम म्हणजे पाण्याचे पंप आणि पाइप. त्यावर वीस मिनिटं बोललो तर जेवणाच्या आधीच तुम्ही पांगाल. मग ते म्हणाले, "बरं, हिवाळ्यात तिकडे काय करतोस ते सांग." तर हिवाळ्यात मी हंसांच्या शिकारीला जातो. समोर निम्मी घरं माळकऱ्यांची आहेत. आठ्या दिसायला लागल्यात. आधी ऐकून घ्या, भांडायला जेवणाची पंगत आहेच.

मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो. चेसापीक उपसागरानं हे राज्य उभं चिरलं आहे. पूर्वेकडचा भाग सपाट आहे, तिथे मका आणि सोयाबीनची शेतं, आणि त्यांच्यामध्ये घुसलेल्या चेस्टर, चॉपटँक अशा भरती-ओहोटीच्या नद्या. थंडी सुरू झाली की उत्तर क्वेबेकमधल्या उंगावा भागातून इथे कॅनडा गूज उतरतात. काळी मान, गालावर पांढरा पट्टा, वजन चार-पाच किलो. मराठीच्या बाईंसाठी सांगतो, हे गूज कानात सांगायचं नाही, ते मैलभरावरून ऐकू येतं. मी पुढे त्यांना हंसच म्हणेन.

रात्री हे हंस नदीच्या पाण्यावर असतात आणि सकाळी कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपायला येतात. शिकारी त्या शेतात डिकॉय मांडतो, म्हणजे हंसाच्या आकाराचे, रंगवलेले बनावट पक्षी. आपण शेतात बुजगावणं उभं करतो ते पाखरांनी येऊ नये म्हणून, आणि हे उभं करायचं ते त्यांनी यावं म्हणून. उलटं बुजगावणंच म्हणा. युक्ती जुनी आहे. नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याचे विणलेले बनावट बदक सापडले, ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे फासेपारधी पाळीव तित्तर ओरडायला ठेवून रानातला तित्तर पकडत, तसेच तिकडेही पाळलेले जिवंत हंस शेतात बांधून ठेवायचे. १९३५ साली सरकारनं त्यावर बंदी आणली, कारण जिवंत हंसाच्या हाकेला रानातला हंस हमखास फसायचा. दाणे टाकून बोलावणंही त्याच वर्षी बंद झालं. उरलं ते निर्जीव डिकॉय आणि तोंडानं वाजवायची पिपाणी.

आमच्या भागात स्थलांतरित हंसांचा मोसम डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस संपतो. पहिल्या आठवड्यात कोणीही हंस मारू शकतो. शेवटच्या आठवड्यात फार थोड्यांना जमतं. का, तेच सांगायला मी उभा आहे.

हंस कुटुंबानं राहतात. नर-मादीची जोडी बहुधा जन्मभराची असते, आणि त्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं पहिला हिवाळा आई-बापांबरोबरच काढतात. मोसमाच्या सुरुवातीला मरतात ती जास्त करून हीच पिल्लं, कारण त्यांनी डिकॉय कधी पाहिलेले नसतात. जानेवारीच्या मध्यावर आकाशात उरतात ते क्वेबेकपासून इथपर्यंतच्या सगळ्या बंदुका चुकवून आलेले. त्यांतले कित्येक दहा-दहा हिवाळे पाहिलेले असतात. ओहायोत १९६९ साली पायात कडी घालून सोडलेली एक मादी २००१ मध्ये ऑन्टारियोत मारली गेली, तेव्हा ती किमान ३३ वर्षांची होती. आमच्या वर्गातला कोणीही ३३ वर्षं एवढा सावध राहिलेला नाही, हे मी सरांसमोर खात्रीनं सांगतो.

अशा पक्ष्यासमोर तुमचे पाच डझन डिकॉय म्हणजे पाटीच असते, इथे माणूस दडलाय! डिसेंबरभर ज्या ज्या शेतात गोळी वाजली तिथे पाच डझन डिकॉयच होते, हे त्याला पाठ झालेलं असतं. उलटं बुजगावणं जानेवारीत आपोआप सुलटं होतं.

मी ज्यांच्या शेतावर जातो ते शेतकरी सत्तरी उलटलेले आहेत. तिकडे सगळ्यांना नावानं हाक मारतात, पण मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणतो. जानेवारी लागला की आबा निम्म्याहून अधिक डिकॉय उचलून गोठ्यात टाकतात. आठ-दहाच ठेवतात, तेही दोन-तीनच्या घोळक्यांत, कारण त्या दिवसांत खरे हंस कुटुंबाकुटुंबानं उतरतात. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे केलेली त्यांना चालत नाहीत. "शाळेची कवायत आहे का?" असं ते मला विचारतात. माना खाली घातलेले, चरणारे डिकॉय जास्त, मान उंचावलेला एखादाच, कारण मान उंचावणं म्हणजे पहारा आणि सगळेच पहाऱ्यावर असतील तर काहीतरी बिनसलंय. मध्ये मोकळी जागा ठेवायची. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्याला धावपट्टी लागते.

पहाटेचं दव डिकॉयच्या प्लास्टिकवर गोठतं आणि सूर्य वर आला की आरशासारखं चमकतं. खऱ्या पिसांना तशी चमक नसते. म्हणून चांगल्या डिकॉयच्या अंगावर मखमलीसारखी लव चिकटवलेली असते, तरीही गोणपाटाच्या तुकड्यानं एकेक पुसावा लागतो. उणे दहा तापमानात, अंधारात. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर घरची भांडी कधी अशी पुसली होतीस का, असं विचारलं असतं.

पिपाणीचंही तेच. डिसेंबरात भडाभडा वाजवली तरी चालते. जानेवारीत हंस दूर असताना एक-दोन हाका, आणि तो वळला की गप्प. त्याच्याशी बोलत राहणारा हंस त्याला खोटा वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लपण. आमच्याकडे शेतात खड्डा खणून, त्यात पेटी पुरून, वर मक्याच्या धसकटांनी शाकारलेलं झाकण करतात. पण मोसमभर एकाच खड्ड्यावरून गोळ्या झाडल्या की हंस त्या चौकोनालाच वळसा घालतात. मग आबा खड्डा सोडून बांधावरच्या झुडपात बसायला लावतात. वर बघायचं नाही हा पहिला नियम. माणसाचा उघडा चेहरा वरून पांढऱ्या ताटलीसारखा दिसतो. हंस डोक्यावरून फिरतायत, पंखांचा आवाज ऐकू येतोय आणि तुम्ही बुटांकडे बघताय. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे एवढ्या पहाटे उठून तू बूट बघायला जातोस."

आता खऱ्या अडचणीवर येतो. जानेवारीतला हंस नाही म्हणून निघून गेला असता तर सोपं होतं. तो साठ यार्डांवर येतो आणि घिरट्या घालतो. एक, दोन, कधी पाच. उतरत नाही, जातही नाही. १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण पाण्यात पडलेलं शिसं पक्षी गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे, त्यांना खाणारे गरुडही मरायचे. आता पोलादी छर्रे वापरतात. पोलाद हलकं, त्याचा जोर लवकर ओसरतो. माझ्या हातानं पस्तीस-चाळीस यार्डांपर्यंतच खात्री देता येते. साठवर झाडली तर हंस पडत नाही, अंगात दोन छर्रे घेऊन उडत राहतो आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी खाडीत मरतो. त्याचा जोडीदार शेतावर हाका मारत फिरतो. ते मी ऐकलेलं आहे, आमच्या शेजारच्या शेतात कोणीतरी उंचावरच्या थव्यावर गोळ्या झाडल्या होत्या. दुपारपर्यंत तो आवाज थांबला नाही. आबांनी त्या दिवशी डिकॉय गोळा केले आणि काही न बोलता ट्रॅक्टरला लागले.

म्हणून बोटं बधिर झालेली असताना, चार तास बसल्यावर, साठ यार्डांवर फिरणाऱ्या हंसाला जाऊ देणं हीच या खेळातली अवघड गोष्ट आहे. डिकॉय कसे मांडायचे ते कोणीही शिकवतं. हे शिकवणारं माणूस भेटावं लागतं.

आपल्या एका बाईंनी मला परवाच फोनवर विचारलं, "अरे, मग मारतोसच कशाला?" बाई, मी खातो म्हणून मारतो. बाजारात कोंबडी घेताना तिच्याकडे कोणी बघत नाही. इथे मला बघावं लागतं. यावर तुमचं समाधान होणार नाही, मला ठाऊक आहे. माझंही दरवेळी होत नाही. पण एक सांगतो. १९८८ मध्ये उंगावाकडच्या या हंसांच्या सुमारे १,१८,००० जोड्या होत्या, १९९५ मध्ये २९,००० उरल्या. त्या वर्षी शिकार पूर्ण बंद झाली. पूर्व किनाऱ्यावर गाइड, हॉटेलवाले, जमीन भाड्यानं देणारे शेतकरी यांचं उत्पन्न बुडालं. आबांचंही बुडालं. ते म्हणतात, "आम्हीच मारले होते, मग आम्हीच थांबायचं." २००१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा हंस परत वाढले होते. अलीकडे उत्तरेकडे पिल्लं कमी जगलेली दिसली म्हणून मर्यादा पुन्हा खाली आणली, माणशी दिवसाला एक. एका हंसासाठी पहाटे तीनला उठणारी माणसं मी तिथे पाहतो. आणि रिकाम्या हातानं परतणारी त्याहून जास्त.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं असं मी मानतो. इथल्या पाणथळींवर माणसांचा भार इतका आहे की तिथली पद्धत इथे आणणं वेडेपणा ठरेल. पण हंस आपल्याकडेही येतात. इथून तासाभरावर, भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. फेब्रुवारी आहे, म्हणजे अजून असतील.

तर उद्या पहाटे जायचं ठरवलंय. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत, सरही येतायत. मच्छीमारांच्या होडीतून फिरायचं. लाल, पिवळं, चकचकीत काही घालू नका, मोबाइल गप्प ठेवा, आणि थव्यात दोन-चार माना वर झाल्या की होडी तिथेच थांबवायला सांगा, त्यापुढे एक हातही जायचं नाही. दुर्बिणी माझ्याकडे तीन आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणाव्यात. गाडी पाचला शाळेच्या फाटकातून निघेल. नाश्त्याचे डबे मुलींनी आणायचे, असं कोणीतरी म्हणालं होतं, ते मुलींनी साफ नाकारलं आहे. तेव्हा पोहे मुलगे करतील.