दिवे लागल्यानंतर



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. युनियनच्या कचेरीत आम्ही अधूनमधून चित्रपट दाखवतो आणि मागाहून त्यावर बोलतो. त्या खटाटोपात जे शिकलो तेवढेच सांगतो.

एम. एस. सथ्यू यांचा 1973 सालचा ‘गर्म हवा’ आम्ही लावला होता. फाळणीनंतरचे आग्रा. सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी, जोड्यांचा कारखाना चालवतो. त्याचा भाऊ पाकिस्तानात निघून जातो. वाडा त्या भावाच्या नावावर. म्हणून तो देश सोडून गेलेल्याची मालमत्ता ठरतो आणि इथेच राहिलेला मिर्झा घराबाहेर पडतो. हाही उद्या जाईल म्हणून त्याला कोणी कर्ज देत नाही. म्हातारी आई लाकडांच्या खोलीत लपून बसते, पण वाडा सोडत नाही. तो वाडा मग एका सिंधी व्यापाऱ्याकडे जातो. तोही घरदार गमावून आलेला!

या चित्रपटात रणगाडा नाही, तोफ नाही. घर जाते ते कागदावरच्या नावापायी. मस्टरवरून नाव उडाले की काय होते, हे जाणणाऱ्या आमच्या कामगारांना ही गोष्ट समजावून द्यावी लागली नाही.

पहिल्या खेळाला आम्ही चूक केली. दिवे लागताच उभे राहून अर्धा तास भाषण ठोकले. भाषण संपले तेव्हा लोक चपला शोधत होते! दुसऱ्या खेळाला ठरवले, तोंड उघडायचे नाही. पाच मिनिटे कोणीच बोलेना. संघटकाने पाच मिनिटे गप्प बसणे म्हणजे कडकडीत उपासच.

अखेर एक तरुण म्हणाला, “गेले त्यांचे गेले. आपला काय संबंध?”

उल्हासनगरहून एका कामगाराची आजी आली होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या हजारो सिंध्यांपैकी ती एक. तेव्हा लहान मुलगी होती. ती म्हणाली, “कराचीतल्या आमच्या घरात जो शिरला, त्याला आईने जन्मभर शिव्या दिल्या. मीही दिल्या. तो कुठून आला असेल, हे कधी मनात आले नाही. आज वाटले, तोही असाच एखादे आग्रा सोडून आला असेल.”

सर्वांना ते पटले असे नाही. एकजण उसळून म्हणाला, “गिरणी बंद पडली नि आम्ही गावी गेलो. आम्हांला कोणी निर्वासित म्हटले नाही!” तेही खोटे नव्हते. त्या रात्री कचेरीला कुलूप लावायला बारा वाजले.

2024 अखेर जगात बारा कोटींहून अधिक माणसे युद्धाने नि छळाने घराबाहेर फेकली गेली होती, असे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था सांगते. असा आकडा ऐकून माणूस हळहळतो आणि जेवायला बसतो. त्या आजीचे बोलणे ऐकून मात्र कोणी उठले नाही.

चित्रपटाच्या शेवटी मिर्झा स्टेशनाकडे निघालेला टांगा सोडून काम मागणाऱ्यांच्या मोर्चात शिरतो. आम्ही मोर्चेवाले, आम्हांला हा शेवट आवडणारच. आपल्याला मोर्चा नको असेल तर नको. पण आपल्या आळीत एक पडदा लावा. ज्या घराशी आपले बोलणे नाही, त्या घरालाही बोलावणे धाडा. आणि दिवे लागल्यावर थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी बोलेलच.