वारा आणि वहिवाट



पवनचक्की धुरावाचून वीज देते. तिला आमचा विरोध नाही. परंतु पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरात पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून रस्ते काढले, वृक्ष तोडले, राडारोडा खालच्या शेतांत उतरला आणि पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट असलेल्या गावकऱ्यांचीच वाट अडली. श्री. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात याची नोंद केली आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेस अधिकार दिला खरा. पण रिकाम्या ग्रामसभेचा अधिकार कोण मानणार? आपल्यापैकी कित्येकांच्या जमिनी अद्याप गावी आहेत. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी सभेस जा, रस्ता कोठून जाणार ते विचारा, उत्तर लेखी घ्या.