माल आधी की मजुरी आधी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी काहीजण शिक्षण पुरे करून स्वतःचा धंदा काढण्याच्या विचारात आहेत. नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा हा विचार निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु भांडवल हाती येताच पहिला पेच पडतो तो असा : पैसा थोडा आहे, तो चांगला माल काढण्यावर घालावा, की कामगाराला चांगली मजुरी देण्यावर? दोहोंना पुरत नाही, मग कात्री कशाला लावावी?

बहुतेकजण ती मजुरीला लावतात. कारण उघड आहे. व्यापारी सुताचा भाव कमी करीत नाही, विजेचे बिल कोणी माफ करीत नाही. गरजू कामगार मात्र कमी पैशांतही काम पत्करतो. पण यात फायदा होतो का, हे आपण जरा तपासून पाहू.

यंत्रमागाचा धंदा आपल्या समाजाच्या परिचयाचा आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी मालेगावात हातमाग रोवले आणि १९३५ च्या सुमारास तेथे यंत्रमाग आले. त्याच धंद्याचे उदाहरण घेतो. साध्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला, तरी माग चालूच राहतो. कामगाराची नजर जाईपर्यंत कापडात उभी फट पडत जाते. नजर गेली, की माग थांबवून गाठ मारावयाची. आता या कामगाराला मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर मिळते. म्हणजे माग थांबला, की त्याची कमाईही थांबते! दर कमी असल्यामुळे घर चालविण्यासाठी त्याने एकट्याने आठ माग घेतले असतील, तर एका मागाकडे पाहताना सात मागांकडे त्याची पाठ होते. अशा स्थितीत मालकाने कितीही उंची सूत आणले, तरी निर्दोष कापड कसे निघणार?

याची दुसरी बाजूही पाहा. मालकाने स्वस्तातले कच्चे सूत आणले, तर धागे वारंवार तुटतात, माग थांबतो आणि दर तोच राहूनही कामगाराची कमाई घटते. म्हणजे हलका माल ही सुद्धा एक प्रकारची मजुरीकपातच होय. गुणवत्ता आणि मजुरी हे ताणा-बाणा आहेत. एक काढून घेतला, तर कापडच उरत नाही.

थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, रोज ३०० मीटर कापड निघते. त्यांपैकी ३० मीटर दोषी ठरून मीटरमागे ५ रुपये कमी येतात. रोजचे नुकसान १५० रुपये. मजुरी रोज ८० रुपयांनी वाढविली, कामगार मन लावून पाहू लागला आणि दोषी कापड १० मीटरवर आले, तर नुकसान ५० रुपये राहते. १०० रुपये वाचले, ८० दिले, २० उरले. शिवाय बाजारात नाव झाले ते वेगळेच. परंतु दोष कमी झालेच नाहीत, तर ८० रुपये अंगावर पडतील, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून नुसती मजुरी वाढवून भागत नाही. दोषांची रोजची वही ठेवावयास हवी.

अमेरिकेतील फोर्ड मोटार कारखान्यात १९१३ साली इतके कामगार सोडून जात, की वर्षभरात एकेका जागेवर सरासरीने जवळजवळ चार माणसे बदलत. हात सरावला, की माणूस निघून जाई. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाचे ९ तासांचे काम ८ तासांवर आणले आणि रोज ५ डॉलर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक मिळकत जाहीर केली. कामगारांची गळती झपाट्याने कमी झाली. ही काही खैरात नव्हती. किंबहुना ती रक्कम मिळण्यासाठी कामगारांच्या घरी तपासनीस पाठविले जात, ही गोष्ट अनुकरणीय मुळीच नाही. पण सरावलेला हात टिकविणे स्वस्त पडते, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते.

आपल्या दीनने तर या दोन्ही बाबी फार पूर्वी एकत्र सांगितल्या आहेत. हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवणही त्यांचीच. गिऱ्हाईकाचा हक्क आणि मजुराचा हक्क, दोन्ही मालकाच्या मानेवर आहेत. एकाचे देणे दुसऱ्याच्या खिशातून भागविता येत नाही.

मग भांडवल अपुरे असताना करावे काय? माझे उत्तर असे, की कात्री धंद्याच्या आकाराला लावावी. आठ मागांपुरते कर्ज काढून मजुरी रडतखडत देण्यापेक्षा चार माग घाला. दर ठरविताना निर्दोष कापडासाठी थोडी अधिक रक्कम ठेवा आणि गाठ मारण्यासाठी माग थांबला, तर त्या वेळेचाही मोबदला धरा. ज्या महिन्यात माल खपणार नाही, त्या महिन्यातही देता येईल एवढीच मजुरी कबूल करा. आणि कबूल केलेली मजुरी ठरलेल्या वारी हातावर ठेवा. शिलाईचे दुकान असो, बेकरी असो वा गॅरेज असो, हिशेब हाच आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांचे वडील आजही दुसऱ्याच्या मागावर उभे आहेत. उद्या आपण मालक व्हाल, तेव्हा त्या मागावर दुसऱ्या कोणाचे तरी वडील उभे असतील. त्यांची मजुरी ठरविताना एवढे आठवावे, ही विनंती करून मी माझे भाषण संपवितो. खुदा हाफिज.